मूळ गाव : खारबेर्द

मागच्या अंकात येरेवानमधल्या, म्हणजे आर्मेनियाच्या राजधानीतल्या, माझ्या घरमालकिणीविषयी दोनच परिच्छेद लिहिले होते. सगळी गल्ली तिला ‘तातिक’ म्हणायची, म्हणजे आर्मेनियन भाषेत आजी. ऑटोमन तुर्कस्तानात १९१५मध्ये झालेल्या आर्मेनियनांच्या संहारातून वाचलेल्या आणि पुढे सगळं आठवून सांगणाऱ्या एका मुलाची ती मुलगी, खारबेर्दची, एवढं सांगून मी दुसऱ्या विषयाकडे वळले. पत्रं मात्र झाडून सगळी तातिकबद्दलच आली. तेव्हा या वेळचं सदर तिलाच देऊन टाकते: आधी पत्र, मग माझं उत्तर.

ताई, माझा मुलगा येरेवानला मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २४ एप्रिलला तिथे सुट्टी असते आणि सगळं शहर फुलं घेऊन एका टेकडीवर जातं म्हणे. वर्गातल्या मुलांनी त्यालाही बोलावलंय. आपण परके; त्याने जावं का? आणि गेला तर सोबत काय न्यावं?

जाऊ दे की त्याला. तो त्या संहाराचा स्मृतिदिन, परका म्हणून कुणी हटकत नाही. न्यायची ती फक्त फुलं, आणि त्याबाबतीत माझी झालेली फजिती सांगून ठेवते, म्हणजे त्याची होणार नाही.

२०१२चा एप्रिल. मी कोपऱ्यावरच्या बाईकडून पाच लाल ट्युलिप घेतले आणि मोठ्या ऐटीत घरी आणले. तातिकने ते हातात घेतले, मोजले, त्यातला एक उपसला आणि चहाच्या ग्लासात खोचून खिडकीत ठेवला. ‘पाच वाढदिवसाला,’ म्हणाली. त्या मुलखात जिवंत माणसाला विषम संख्येने फुलं देतात आणि मेलेल्याला सम. संहारातल्या पंधरा लाख मृतांसाठी चार फुलं घेऊन मी निघाले.

टेकडीचं नाव त्सित्सेर्नाकाबेर्द. लिहायला भयंकर दिसतं, पण तोडून म्हटलं की सोपं आहे: त्सित्सेर्नाक म्हणजे पाकोळी, बेर्द म्हणजे किल्ला. खाली ह्राझदान नदीची खोल घळ, आणि हवा स्वच्छ असली तर समोर अरारात पर्वत, जो आता तुर्कस्तानच्या हद्दीत आहे. तरुण मुलं आदल्या रात्री, २३ तारखेला, मशाली घेऊन चालत जातात. बाकीचं शहर २४ला सकाळपासून रात्रीपर्यंत. ही मिरवणूक नव्हे. घोषणा नाहीत, घाई नाही. कर्ण्यांवरून चर्चमधलं जुनं संगीत चालू असतं आणि माणसं मुंगीच्या पावलांनी पुढे सरकतात. कडेवरची मुलं फुलांच्या पाकळ्या तोडून खातात आणि आया त्यांच्या तोंडातून काढतात.

वर पोचलं की ४४ मीटर उंचीचा एक दगडी सुळका दिसतो, मधून चिरलेला. शेजारी बारा प्रचंड शिळा वर्तुळात उभ्या, सगळ्या आत झुकलेल्या. मध्ये खोलगट जागा, तिथे अखंड ज्योत. खाली उतरायच्या पायऱ्या अशा उभ्या आहेत की पायाकडे बघितल्याशिवाय उतरताच येत नाही, मग मान आपोआप खाली जाते. तातिक म्हणायची, बांधणाऱ्याने मोठी गंमत केली, कम्युनिस्टांनाही मान झुकवायला लावली. (स्मारक १९६७चं, म्हणजे भर सोव्हिएत काळातलं.) ज्योतीभोवती फुलं ठेवायची, क्षणभर थांबायचं आणि दुसऱ्या बाजूने वर यायचं. मागून लोक येतच असतात, रेंगाळायला जागा नसते. संध्याकाळपर्यंत फुलांचा वेढा माणसाच्या छातीच्याही वर जातो.

मुलाला एक आणखी सांगा. दोन-तीन दिवसांनी स्वयंसेवक जाऊन ती फुलं उचलतात, देठ आणि पाकळ्या वेगळ्या करतात. पाकळ्यांपासून कागद तयार होतो. त्या कामाला त्याने जरूर जावं. टेकडीवरच्या संग्रहालयात मात्र २४ला जाऊ नये. ते निवांत, एकट्याने बघायचं आहे.

आणि वेळ काढून मातेनादारानमध्ये जाऊन मूशचा प्रवचनसंग्रह बघून यावा. मातेनादारान म्हणजे जुन्या हस्तलिखितांचं भांडार. हा ग्रंथ बाराव्या-तेराव्या शतकाच्या सांध्यावरचा, वासरांच्या कातड्यावर लिहिलेला, वजन २८ किलो. १९१५मध्ये दोन बायकांना तो उद्ध्वस्त मठात सापडला. एकीला उचलेना, म्हणून त्यांनी तो दोन भागांत वाटून घेतला. एक भाग एचमियाद्झिनपर्यंत, म्हणजे आर्मेनियन चर्चच्या मुख्य पीठापर्यंत, पोचला. दुसरा एर्झुरूमच्या मठात पुरून ठेवलेला होता, तो नंतर हाती लागला. हकीकत अशी सांगतात. त्या बायकांची नावं कुणालाच माहीत नाहीत. काचेपुढे उभी असताना मला मजकुरापेक्षा त्याच्या वजनाचंच नवल वाटत राहिलं. मागे मारेकरी, पोटात अन्न नाही, आणि पाठीवर चौदा किलो प्रवचनं.

मी इतिहासाची निवृत्त शिक्षिका. संहार महिनोन्महिने चालला, मग स्मृतिदिन २४ एप्रिललाच का? त्या रात्री तर इस्तंबूलमध्ये केवळ अटका झाल्या होत्या.

बाई, बरोबर आहे तुमचं. त्या रात्री कत्तल झाली नाही. ऑटोमन सरकारने राजधानीतल्या अडीचशेच्या आसपास आर्मेनियन पुरुषांना घरांतून उचललं: कवी, संपादक, डॉक्टर, वकील, धर्मगुरू. हैदरपाशा स्टेशनातून त्यांना आत अनातोलियात, चांकिरी आणि आयाश या गावांकडे पाठवलं. त्यातले थोडेच परतले. कवी दानियेल वारुझान ऑगस्टमध्ये मारले गेले. कोमितास नावाचे धर्मगुरू परतले. खेड्यापाड्यांतली हजारो लोकगीतं त्यांनी कानांनी टिपून कागदावर उतरवली होती, पण परतल्यावर त्यांचं गाणं संपलं. उरलेलं आयुष्य मनोरुग्णालयांत गेलं, त्यातली बरीच वर्षं पॅरिसजवळ. १९३५मध्ये ते तिथेच वारले.

सैतूनसारख्या ठिकाणची हद्दपारी त्याआधीच सुरू झाली होती. सरसकट हद्दपारीचा कायदा २७ मेचा. पुढची रीत जवळपास सगळीकडे सारखीच: पुरुषांना वेगळं काढून गावाबाहेर मारायचं, बायकामुलांना चालवत सीरियाच्या वाळवंटाकडे, देर एझ-झोरकडे न्यायचं. इतिहासकारांचे आकडे वेगवेगळे आहेत, बहुतेकांचे १० ते १५ लाखांच्या दरम्यानचे. आर्मेनियन माणूस १५ लाखच म्हणतो.

तारीख निवडली ती मागे राहिलेल्यांनीच, १९१९मध्ये, आणि तीही इस्तंबूलमध्येच. जुन्या पंचांगाप्रमाणे तेव्हा ती ११ एप्रिल होती. खेड्यातल्या मृत्यूंना तारखाच नव्हत्या, कुणी टिपल्याच नाहीत. अटकेच्या रात्रीला तारीख होती, नावांच्या याद्या होत्या. माझा आपला तर्क असा की हातात धरता येईल अशी तीच एक तारीख त्यांच्याजवळ होती.

सोव्हिएत आर्मेनियात यावर जाहीर बोलायची सोय नव्हती. पन्नासाव्या वर्षी, २४ एप्रिल १९६५ला, येरेवानच्या ऑपेरा हाउसभोवती लाखभर लोक जमले. ‘मेर होघेरे’ म्हणत होते, म्हणजे ‘आमच्या जमिनी’. तातिक तेव्हा पंचवीसची. रेटारेटीत तिच्या बुटाची टाच तुटली आणि ती लंगडत घरी आली. वडील दारात उभे. कुठे गेली होतीस, हे त्यांनी विचारलं नाही. बूट घेतला आणि टाच ठोकून दिली. पुढे दोनच वर्षांत टेकडीवर स्मारक उभं राहिलं.

तुम्ही तातिकला ‘खारबेर्दची’ म्हटलंय. नकाशात पाहिलं तर खारबेर्द तुर्कस्तानात आहे, आणि तिचं घर तर येरेवानला. काही चूक झाली का?

चूक नाही. तिथे मला सर्वांत आधी आपलंसं वाटलं ते हेच. नवा माणूस भेटला की आपण नावानंतर विचारतो, ‘मूळ गाव कुठलं?’ तेही तेच विचारतात: ‘वोर्तेघात्सी एस?’ आणि आपल्याकडे गावाला ‘कर’ लागतो तसा त्यांच्याकडे ‘त्सी’. वानचा तो वानेत्सी, सासूनचा सासुन्त्सी, खारबेर्दचा खारबेर्दत्सी. फरक एवढाच की आपला सातारकर एसटीत बसून साताऱ्याला जाऊ शकतो.

तातिक जन्मली १९४० साली, अलेप्पोला. सोव्हिएत सरकारने जगभरच्या आर्मेनियनांना ‘मायदेशी या’ म्हणून हाक दिली, तेव्हा १९४७मध्ये बैरूतहून बोटीने बातुमीला आणि तिथून येरेवानला आली. इथल्या लोकांनी या नव्या मंडळींना ‘अख्पार’ म्हणून चिडवलं. शब्दाचा अर्थ ‘भाऊ’, पण सूर चिडवण्याचाच. भाषा वेगळी, कॉफी वेगळी, कपडे वेगळे. म्हणजे खारबेर्द तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तिच्या वडिलांनी तरी किती पाहिलं होतं? १९१५च्या उन्हाळ्यात आठ वर्षांच्या मुलाला आईबरोबर बाहेर काढलं. आई वाटेत गेली. मुलगा अलेप्पोच्या अनाथाश्रमात वाढला. या चालण्याला तातिक कधी ‘संहार’ म्हणत नसे. तिचा शब्द ‘अक्सोर’, हद्दपारी. वर्तमानपत्रांत ‘मेत्स येघेर्न’ लिहितात, म्हणजे महापातक, घोर अपराध. घरात मात्र अक्सोर: ‘अक्सोरच्या आधी आमच्याकडे दोन गायी होत्या.’

तिच्या कपाटात चौकड्यांच्या वहीचं एक पान होतं. वडिलांनी पन्नाशीत आठवून काढलेला हुसेनिगचा नकाशा. हुसेनिग म्हणजे खारबेर्दच्या किल्ल्याच्या उतरणीखालचं गाव. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो चुकीचाच वाटला. तुतीचं झाड चर्चएवढं. काकाचं घर पार पानाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये लांबच लांब रस्ता. पाण्याची कारंजी दोन, त्यांतल्या एका कारंज्यापुढे बारीक अक्षरात ‘इथे कुत्रा’. कचेरी नाही, बाजारपेठ नाही, गावकीतलं कुणीच नाही. मग उमगलं, प्रमाण बरोबर आहे, फक्त ते आठ वर्षांच्या मुलाच्या पावलांचं आहे. काकाच्या घराला जायला त्याला खरंच तेवढा वेळ लागत असणार.

असे नकाशे घरोघरी होते. जगभर विखुरलेल्या गावकऱ्यांनी गावमंडळं काढली आणि ‘हुशामात्यान’ म्हणजे स्मृतिग्रंथ छापले. जाडजूड पुस्तकं: कुणाचं घर कुठे, गिरणी कुणाची, टोपणनावं काय होती, लग्नात काय म्हणायचे, आजारपणात काय पाजायचे. आपल्याकडे कुलवृत्तांत छापतात तशातलीच ही, फक्त कुळाऐवजी गावाची, आणि गाव गेल्यानंतर लिहिलेली.

येरेवानचा नकाशा उघडा आणि वाचत जा. अराबकीर, मालातिया-सेबास्तिया, नोर्क-माराश, कानाकेर-झेतून. ही शहरातल्या विभागांची नावं, आणि त्यात तुर्कस्तानातली अराबगीर, मालात्या, सिवास, माराश, सैतून ही गावं दडलेली आहेत. १९२०च्या दशकापासून निर्वासितांनी वस्त्या वसवल्या आणि जुन्याच गावाच्या नावाआधी ‘नोर’ म्हणजे नवं लावून दिलं. शहराबाहेर नोर खारबेर्दही आहे. मिनीबसच्या काचेवर ही नावं लिहिलेली असतात आणि बायका भाजीच्या पिशव्या घेऊन गेलेल्या गावांना जाऊन येतात.

लेबनॉनमधलं अंजार हे याहून पुढचं. १९१५मध्ये मूसा डोंगरावरच्या सहा-सात खेड्यांनी हद्दपारीचा हुकूम झुगारला. लोक डोंगरावर चढून लढले, आणि त्रेपन्न दिवसांनंतर फ्रेंच युद्धनौकांनी चार हजारांहून अधिक माणसांना पोर्ट सैदला सुखरूप नेलं. युद्धानंतर ते परत गावी आले. १९३९मध्ये तो प्रदेश तुर्कस्तानात गेला तेव्हा बहुतेकांनी पुन्हा गाव सोडलं आणि अंजार वसवलं. तिथल्या सहा आळ्यांना सहा गावांची नावं आहेत. एक गाव मात्र हललं नाही: वाकिफली, तुर्कस्तानात आजही आर्मेनियन आहे. या डोंगरकऱ्यांचा स्मरणदिन सप्टेंबरात. रात्रभर मोठ्या कढयांत गहू आणि मांस शिजवून घोटतात, त्याला हरिसा म्हणतात. ढोल-झुर्ना वाजतो, माणसं नाचतात. मी येरेवानजवळच्या, याच डोंगराचं नाव घेतलेल्या मुसालेर गावाला गेले होते. शोकसभा समजून काळा दुपट्टा घेतला होता, तो पिशवीतच राहिला. हरिसा चवीला अगदीच सपक लागला, पण हे तातिकला सांगायची माझी छाती झाली नाही.

मृतांसाठी त्यांच्यात आपल्या श्राद्धासारखं काही असतं का?

असतं. ‘होकेहांगिस्त’, आत्म्याच्या शांतीची प्रार्थना. पण १९१५च्या मृतांसाठी ती आता करत नाहीत. २३ एप्रिल २०१५ला एचमियाद्झिनमध्ये आर्मेनियन चर्चने त्या सगळ्यांना एकत्रित संतपद दिलं आणि संध्याकाळी ७ वाजून १५ मिनिटांनी, म्हणजे १९:१५ला, चर्चच्या घंटा शंभर वेळा वाजल्या. संतांच्या आत्म्याला शांती कसली मागायची? आता उलट संतांनीच आपल्यासाठी देवाकडे मागायचं.

मी तोवर परतले होते. तातिकचा फोन आला तो कुरकुरतच. तिची आजी, म्हणजे वाटेत गेलेली वडिलांची आई, आता संत. ‘बाई शेजारणीशी अंड्यांवरून भांडायची असं वडील सांगायचे,’ म्हणाली. ‘आता तिला गाऱ्हाणं कसं घालू?’ तरी तिच्या नावाची मेणबत्ती ती लावत राहिली. जुन्या पद्धतीनेच, वाळूच्या तबकात, खालच्या बाजूला.

शंभर वर्षं उलटून गेली. किती दिवस उराशी धरून बसणार? स्पष्ट विचारल्याबद्दल राग नसावा.

राग नाही. पहिल्या वर्षी मीही हेच विचारलं होतं. तातिक काहीच बोलली नाही. कॉफीचा कप पुढे सरकवला आणि वरच्या फळीवरचं काहीतरी शोधत राहिली. प्रश्न चुकला हे कळायला मला वर्ष लागलं.

तुर्कस्तानची अधिकृत भूमिका अशी की युद्धाच्या धामधुमीत माणसं मेली, दोन्हीकडची मेली, पण तो ठरवून केलेला वंशसंहार नव्हता. आपल्या घरातला मृत्यू कुणी ‘झालाच नाही’ म्हणालं, तर ते प्रकरण मिटतं का? ‘जेनोसाइड’ हा शब्दच राफाएल लेमकिन यांनी १९४४मध्ये घडवला, आणि तो घडवताना त्यांच्यापुढे आर्मेनियनांचं उदाहरण होतं. १९६५मध्ये उरुग्वेने सर्वांत आधी मान्यता दिली, २००१मध्ये फ्रान्सने कायदा केला, २०१६मध्ये जर्मन संसदेने ठराव, २०२१मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष तो शब्द उच्चारले. भारताने अधिकृतपणे तो वापरलेला नाही. खरं सांगायचं तर ठरावांची ही यादी मला फारशी हलवत नाही.

मला हलवतो तो हरांत दिंक यांचा बूट. दिंक इस्तंबूलचे आर्मेनियन पत्रकार, ‘आगोस’ या साप्ताहिकाचे संपादक. लहानपण अनाथाश्रमात गेलेलं. तुर्कांशी तुर्की भाषेत, न भांडता, या विषयावर बोलत राहिले. ‘तुर्कत्वाचा अपमान’ केला म्हणून त्यांच्यावर खटला झाला. १९ जानेवारी २००७ला कचेरीच्या दारात एका पोराने गोळ्या घातल्या. पांढऱ्या चादरीखालून बाहेर आलेल्या बुटाच्या तळव्याला भोक पडलेलं होतं, तो फोटो जगभर छापला गेला. अंत्ययात्रेला लाखभर माणसं लोटली, बहुतेक तुर्की, हातात फलक: ‘आम्ही सगळे हरांत दिंक, आम्ही सगळे आर्मेनियन’. त्यानंतर काही वर्षांनी, २०१०पासून, इस्तंबूलमध्येही २४ एप्रिलला तुर्की आणि आर्मेनियन माणसं एकत्र उभी राहू लागली.

दुसरी बाजूही लपवत नाही. याच आठवणीच्या नावाने १९७० आणि ८०च्या दशकांत काही आर्मेनियन तरुणांनी तुर्की राजदूतांचे खून केले. तातिकला त्यांचा विषय काढलेला खपत नसे.

आणि ‘शंभर वर्षांपूर्वीचं’ म्हणता, तर सप्टेंबर २०२३मध्ये अझरबैजानच्या हल्ल्यानंतर नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या प्रदेशातून लाखाहून अधिक आर्मेनियन आठवड्याभरात घरं सोडून आर्मेनियात आले. मोटारींच्या टपांवर गाद्या बांधलेल्या. ‘मूळ गाव कुठलं?’ या प्रश्नाला उत्तर म्हणून काही नवी नावं आता येरेवानमध्ये ऐकू येतील.

मी सातवीत आहे. मागच्या अंकातली आजी मला आवडली. तिच्या बाबांना आठवून आठवून सगळं सांगता यायचं असं तुम्ही लिहिलं होतं. त्यांना त्यांची शाळापण आठवायची का?

आठवायची तर! वर ज्या नकाशाबद्दल लिहिलंय ना, त्यात शाळा आहे. दोन मजल्यांची, छपरावर घंटा, आणि शेजारी एका माणसाच्या हातात काठी. ते गुरुजी असावेत, कारण काठी त्यांच्याहून उंच काढली आहे. खिडक्या मी मोजल्या, अकरा. दार मात्र एकही नाही. तातिकने लहानपणी त्यांना विचारलं होतं, ‘बाबा, दार काढायचं विसरलात?’

‘विसरलो नाही,’ ते म्हणाले. ‘मला आत जायला आवडायचं नाही.’